मिस लुएलाची छतातली खिडकी

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात वादळाची बातमी आली की लोक आधी फळ्या काढतात आणि लगेच रंगाचे डबे. खिडकीवर ठोकलेल्या फळीवर वादळाला दोन शब्द सुनावल्याशिवाय कुणालाच चैन पडत नाही. आमच्या मिस लुएला तर त्यात पटाईत.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. घरं बांधण्याचं शिक्षण नुकतंच संपवलं होतं, त्यामुळे माझ्याकडे सल्ल्यांचा तोटा नव्हता. मिस लुएला घरीच बायकांचे केस कापायच्या. ती मधली खोली अंधारी म्हणून त्यांनी स्वतः छत कापून वर पारदर्शक प्लास्टिकचा घुमट बसवला होता. खुर्चीत मान मागे टाकली की वर पेलिकन पक्षी उडताना दिसायचे. बायका खरं तर त्यासाठीच यायच्या.

गेल्या वादळात त्यांनी फळी थेट घुमटाच्या कडेवर खिळ्यांनी ठोकली. घुमट तडकला आणि खुर्ची भिजली. तेव्हापासून त्यांचा भाऊ हॉइट, जो छपरंच घालायचा, मागे लागला होता.

"लू, यंदा एक थेंब जरी आत पडला ना, तर मी ते भोक पत्र्याने बुजवणार."

"बुजव. पण थेंब पडला तरच. आणि नाही पडला तर तोंड बुजव स्वतःचं."

नवा घुमट आला होता. या वेळी आम्ही घुमटाला हातच लावला नाही. त्याच्याभोवतीच्या लाकडी चौकटीपेक्षा मोठी जाड फळी कापली, घुमटाला टेकणार नाही अशी बसवली आणि चौकटीतच स्क्रू पिळले. फळीवर मिस लुएलांनी नारिंगी रंगात भलीमोठी अक्षरं काढली होती.

"अहो, पण छपरावर वाचणार कोण?" मी विचारलं.

"ज्याला वाचायचंय तो वरूनच येतोय ना, बाळा!"

रंग ओला होता. त्याला हात लागू नये म्हणून आम्ही फळी पालथी धरून शिडीवर चढवली, आणि वाऱ्याच्या घाईत तशीच पालथी बसवूनही टाकली.

रिवाजाप्रमाणे वीज जायच्या आत घरातले सगळे कपडे धुवून झाले. ते वाळायच्या आतच वीज गेली. मग मधल्या खोलीत दोरी बांधली. भरदुपारी घर काळोखं झालं, वारा छपराला गदागदा हलवू लागला. फ्रीजमधलं आइस्क्रीम वितळायच्या आत संपवायचं म्हणून मिस लुएला, मी आणि वादळापुरता राहायला आलेला हॉइट, असे आम्ही तिघं डबा मध्ये घेऊन जमिनीवर बसलो होतो.

तेवढ्यात हॉइटच्या टकलावर टप्पकन थेंब पडला.

"थेंब!" तो आनंदाने ओरडला. "पडला! पत्रा बसणार!"

मिस लुएलांचा चमचा हातातच राहिला. मी बॅटरी वर मारली. घुमट कोरडा ठणठणीत, आणि त्यातून पलीकडे ठळक नारिंगी अक्षरं दिसत होती: आल्या पावली परत जा, ढेरपोट्या!

हॉइटने ती वाचली. मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"हे मला लिहिलंय?"

"मी वादळाला लिहिलं होतं रे! पण आता वाटतंय, पत्ता बरोबर लागला!" मिस लुएला हसता हसता आडव्या झाल्या.

"हसू नकोस! मग थेंब कुठून आला?"

मी बॅटरी जरा खाली आणली. त्याच्या डोक्याच्या बरोबर वर, दोरीवर, त्याचीच फुलाफुलांची चड्डी निथळत होती.

पुढे वादळ किती वेळ गरजत होतं, आम्हाला ऐकू आलं नाही. ते निघून गेल्यावर हॉइट मुकाट्याने छपरावर चढला, स्क्रू काढले आणि फळी बाजूला केली. खोलीत लख्खकन ऊन पडलं. घुमटातून त्याचा लालबुंद चेहरा आत डोकावला.

"कोरडंय," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं, हॉइट!"

"कोरडंय म्हटलं! राहू दे तुझं भोक!"

मिस लुएला खुर्चीत बसल्या, मान मागे टाकली आणि वर बघत म्हणाल्या, "बाजूला हो आता. पेलिकन दिसत नाहीत."