सोसायटीच्या कॉम्प्युटरवरचा कॅरम

ती फाईल कधीच बंद झाली, पण घटना आजही आठवते, कारण तिच्यात चूक माझीही होती.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मी मुलुंडमध्ये एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. एका सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार अर्ज घेऊन आले. वय सत्तरच्या घरात, परीटघडीचा शर्ट, प्रत्येक कागदाच्या तीन प्रती. सोसायटीच्या मेलवरून सभासद बायकांना अश्लील चित्रं जात होती. पासवर्ड दोघांनाच ठाऊक, सेक्रेटरींना आणि ऑफिसातल्या लेखनिक बाईंना. संशय कोणावर, असं विचारलं तर म्हणाले, मी नाव घेणार नाही. दोघांतला एक असं म्हणतो तेव्हा नाव घेऊन झालेलंच असतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला, की बाईंचं सुट्टीवरून कमिटीशी वाजलंय. असा फोन आम्हा पोलिसांना फार आवडतो, आमच्या मनातलंच बोलतो ना! मी हवालदाराला दहिसरला त्यांच्या चाळीत पाठवलं. तो सकाळी, गणवेशात गेला. इकडे सोसायटीने बाईंना कामावर येऊ नका म्हणून कळवून टाकलं.

बाई मालवणकडच्या, चाळिशीतल्या, अंगाने बारीक, जिभेने तिखट. महिला अंमलदार सोबत ठेवून दोन दिवस ठाण्यात तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. खोटं बोलणारा दुसऱ्या दिवशी जबाबात सुधारणा करतो. यांचा जबाब शब्दाला शब्द तोच राहिला. तरी मला वाटलं, बाई पक्की आहे. संशय एकदा डोक्यात बसला की खरेपणाही बनेलपणा वाटतो.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी, बाई माझ्यासमोर बसलेल्या असताना, सोसायटीतून फोन आला. आत्ताच आणखी एक मेल आला होता. मी बाईंकडे पाहिलं.

"आता कोणी केल्यान?" त्या म्हणाल्या. "माझे हात तर हयच आसत."

मी सायबरचं काम जाणणारी अंमलदार घेऊन सोसायटीत गेलो. तिने तासाभरात शोधून काढलं. ब्राउझरमध्ये कोणीतरी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, बसवली होती. ऑनलाइन कॅरमची चित्रं उठावदार करते म्हणून लोकांनी घ्यायची, आणि तिने आतल्या आत, शेजारी उघडा असलेला मेल वापरून घाण पाठवायची. खेळ सुरू असेल तरच ती चालते, असंही तिने सांगितलं. म्हणजे आज दुपारी इथे कोणीतरी खेळत होतं. ऑफिसच्या किल्ल्या दोन, आणि त्यातली एक बाईंच्या पर्समध्ये, आमच्या ठाण्यात.

भिंतीवर सेक्रेटरींच्या सहीची सूचना होती, मुलांनी आवारात मोबाईल गेम खेळू नयेत. मी सेक्रेटरी सोडून सगळ्यांना बाहेर पाठवून दार लोटलं.

सेक्रेटरींनी फार ताणलं नाही. मोतीबिंदूपासून काळी सोंगटी कुठली न् पांढरी कुठली, नीट कळत नव्हतं. एका व्हिडिओत सांगितलं होतं, ही स्क्रिप्ट टाका, बोर्ड झकास दिसेल. तिच्यातलं पाप त्यांना ठाऊक नव्हतं, यावर मी विश्वास ठेवला. पण आज तुम्ही इथे बसला असताना मेल गेला, बाई ठाण्यात होत्या, तेव्हा तरी बोलायचं होतं, असं मी म्हणालो.

"लाज वाटली, साहेब," ते म्हणाले. "या वयात ऑफिसात बसून खेळतो म्हणून."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

स्क्रिप्ट लिहिणारा परदेशातला निघाला, हाती लागला नाही. सोसायटीने माफीचं पत्र देऊन बाईंना कामावर परत बोलावलं. ते पत्र मी स्वतः त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचून टेबलावर ठेवलं.

"ह्या कागदाचा मी काय करू? चाळीत पोलीस इलेले सगळ्यांनी बघितले. आता तुम्हीच येवा नि सगळ्यांसमोर सांगा."

आम्ही संशय घेऊन जातो ते गावभर दिसतं. निर्दोष ठरवतो ते मात्र फाईलीत, आणि फाईल शेजारीपाजारी वाचत नाहीत. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी गणवेश चढवून दहिसरला गेलो. चाळीच्या चौकात उभा राहिलो, दारं उघडेपर्यंत थांबलो. या बाईंचा काहीही दोष नव्हता, चूक पोलिसांची झाली, असं सांगितलं.

बाई आपल्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"जरा मोठ्यान सांगा," त्या म्हणाल्या. "वरच्या माळ्यावर ऐकाक येणा नाय."

मी टोपी नीट केली आणि पुन्हा सांगितलं, मोठ्याने.