दिंडोरीला न पोचलेली तार

नाशिकला जायला चाळीस वर्षांत मला निमित्तच मिळालं नाही, असं नाही. दोनदा लग्नाची आमंत्रणं आली, एकदा मेहुण्यांनी त्र्यंबकेश्वराला चला म्हणून गळ घातली. प्रत्येक वेळी मी काहीतरी सबब काढली. यंदा नोव्हेंबरात मात्र तिथून एक पत्र आलं आणि मी बायकोला म्हटलं, दोन दिवस जाऊन येतो. तिने कारण विचारलं नाही. पोळ्या आणि लसणाची चटणी बांधून दिली आणि सकाळी सहाच्या अलिबाग-धुळे एसटीत मला बसवून दिलं.

पत्र देवरे सरांचं होतं. हे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. हौसेने घरी रेडिओ यंत्रणा बाळगणारे. जहाजांवर आणि किनाऱ्यावर मोर्स कोडमध्ये संदेश पाठवणारी माणसं आता संपत आली, उरलेल्यांनी एकदा एकत्र बसावं, असं त्यांनी लिहिलं होतं. माझी सारी नोकरी किनाऱ्यावरच्या वायरलेस केंद्रात झाली. कानाला हेडफोन, उजव्या हाताखाली की (दाबली की सूर उमटवणारी पितळी पट्टी), समोर कागद. समुद्रावरच्या माणसांना मी कधी पाहिलं नाही, ऐकलं मात्र रोज. आखूड आणि लांब सुरांच्या लकबीवरून पाठवणारा ओळखू यायचा. त्याला आम्ही ‘हात’ म्हणत असू. उपग्रह आले, जहाजांवरचे रेडिओ ऑफिसर उतरले, आमचं केंद्रही बंद झालं.

पनवेल, भिवंडी, शहापूर मागे पडलं. कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला आली तेव्हा खिडकीतून गार वारा लागला आणि माझा डोळा लागला. देवरे सरांनी महामार्ग स्थानकावर उतरा म्हणून बजावलं होतं. मला जाग आली ती द्वारका चौकात, कंडक्टरने खांद्याला हात लावल्यावर. पुलाखालच्या गोंधळात बॅग घेऊन उभा राहिलो. एका रिक्षावाल्याने कुठे जायचंय ते ऐकून घेतलं आणि वाटेत विचारलं, बाबा, कुंभमेळ्याच्या कामासाठी आलात का. जहाजाच्या कामासाठी, म्हटलं. त्याने आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिलं.

देवरे सरांनी आधी मिसळ खायला नेलं. नाशिकची मिसळ पापडासोबत येते आणि रस्सा वेगळ्या भांड्यात. मटकीला मोड चांगले होते, पण मी अर्धीच खाल्ली. मग गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये गेलो. पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या, आलो होतो चौदा जण. टेबलावर दोन जुन्या की, एक हेडफोन आणि रेडिओ खोलीतलं घड्याळ. त्या घड्याळाच्या तबकडीवर तीन-तीन मिनिटांचे दोन तांबडे पट्टे असतात. दर तासाला त्या मिनिटांत संकटाच्या तरंगलांबीवर कुणीही की दाबायची नाही, फक्त ऐकायचं, असा जगभरचा नियम होता. कुठे क्षीण हाक असेल तर ती ऐकू यावी म्हणून. सरांनी घड्याळ चालू केलं आणि काटा तांबड्या पट्ट्यावर येताच आम्ही गप्प बसलो. माझ्या शेजारचे गृहस्थ बोटाने मांडीवर काहीतरी लिहीत होते.

नंतर सरांनी नाशिक जिल्ह्यातून समुद्रावर गेलेल्या आणि परत न आलेल्या रेडिओ ऑफिसरांची नावं वाचली. तीनच होती. दुसरं नाव विश्वास पगारे, तालुका दिंडोरी.

मी उभा राहिलो. म्हणालो, यांचं जहाज बुडालं त्या दुपारी किनाऱ्यावर ड्यूटीला मी होतो.

मागच्या रांगेतून एक बाई पुढे आल्या. पंचेचाळिशीच्या असतील. नाव अस्मिता. ओझरला विमानाच्या कारखान्यात त्या ऑफिसात काम करतात. वडील गेले तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. आईला अशा कार्यक्रमांना यायचं नसतं, म्हणाल्या. मग विचारलं, “उद्या घरी याल का? आईशी कधी कुणी बोललेलंच नाही, ज्याने त्यांना शेवटचं ऐकलं असं.”

खरं सांगायचं तर मला तो पत्ता पाठ होता.

दुसऱ्या दिवशी निमाणी स्थानकावरून वणीची गाडी धरली. म्हसरूळ संपलं की दोन्ही हातांना द्राक्षबागा सुरू होतात. छाटणीनंतर फुटलेली कोवळी पानं, तारांवर ओढलेल्या वेली, ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरमधून औषधाचा पांढरा फवारा. बायका डोक्याला ओढण्या बांधून घडांवर वाकलेल्या. बघण्याच्या नादात उतरायचा फाटा मागे गेला. कंडक्टर म्हणाला, आता पुढच्या फाट्याला उतरा आणि बागेतून चालत जा. वाटेत ठिबकच्या नळ्या गुंडाळणाऱ्या एका माणसाला विचारलं. “पगारे बाईंचं ना? शाळेमागं हाय. लय लांब नाय, बाबा.” आपल्याला त्यांच्याच हाताखाली अक्षर लागलं, असंही त्याने सांगितलं.

सुमनताई पगारे चाळीसेक वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आहेत. उंच, बारीक, पांढरं नऊवार नव्हे, साधं फिकट जांभळं सुती पातळ. दारात त्या जय भीम म्हणाल्या, मीही म्हटलं. ओट्यावर अस्मिताताईंनी सतरंजी घातली होती. बसल्या बसल्या मी बोलायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

“आधी जेवून घ्या. तुम्ही सांगाल त्यानंतर जेवण जायचं नाही, तुम्हालाही आणि मलाही.”

बाजरीची भाकरी, घुटं (उडदाच्या डाळीचं दाटसर कालवण), कच्चा कांदा. आम्ही तिघं जेवलो. मग हात धुऊन त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, सांगा.

मी सांगितलं. विश्वासची आणि माझी ओळख सहा वर्षांची, सगळी कानाची. जहाज आमच्या टप्प्यात आलं की तो हाक द्यायचा. काम झालं की दोन शब्द जास्तीचे. मुलगी झाली तेव्हा तिचं वजनसुद्धा त्याने मला पाठवलं होतं. भेटू भेटू म्हणत आम्ही भेटलो नाही.

तो ऑगस्ट होता, दुपारचे तीन. जहाजातला माल एका अंगाला सरकला होता, पाणी आत येत होतं. त्याने संकटाची हाक दिली, जागा कळवली, माणसं चोवीस. मी उत्तर दिलं आणि ती हाक पुढे फिरवली. एका मालवाहू जहाजाने तोंड वळवलं. पाऊणएक तास आम्ही बोलत होतो. होड्या उतरवल्याचं त्याने कळवलं. तू का नाही उतरलास, असं मी विचारलं. सूर चालू आहे तोवर येणाऱ्या जहाजाला दिशा मिळेल, असं तो म्हणाला. मग त्याने खासगी तार सुरू केली. तुमचं नाव, गाव, तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक. मी लिहून घेत होतो. पत्ता संपला आणि त्याच वेळी मदतीला निघालेल्या जहाजाने ताजी जागा विचारली. मजकुराचं पहिलं अक्षर यायच्या आत मी त्याला मधेच तोडलं आणि जागा विचारली.

“त्यांनी दिली का?” सुमनताईंनी विचारलं.

दिली. जहाज बरंच वाहत गेलं होतं. त्या नव्या जागेमुळे अकरा जण सापडले. जागा दिल्यावर मी त्याला म्हटलं, आता तुझी तार पाठव. मग काही आलं नाही. मी सहा वाजेपर्यंत हाका मारत राहिलो.

बागेतला ब्लोअर बंद झाला होता.

“कंपनीचं पत्र आलं,” सुमनताई म्हणाल्या. “त्यात होतं की शेवटपर्यंत ते जहाजाचं काम करत होते. लोक माझ्यासमोर त्यांचं कौतुक करायचे. मी चाळीस वर्षं मनात म्हणत आले, या माणसाला एवढ्या वेळात आमची आठवण झाली नाही. पोरीशी मी कधी त्यांच्याविषयी धड बोलले नाही. का, तर मला राग होता. आणि तुमच्याजवळ माझ्या नावाचा कागद होता.”

मी म्हणालो, तारेत मजकूर नव्हता. नुसता पत्ता कसा पोचवणार, असं मला तेव्हा वाटलं. आणि मजकूर का नाही, हे सांगावं लागलं असतं.

“नुसता पत्ताच पुरला असता, साहेब,” त्या म्हणाल्या. “पाकिटावर माझं नाव आहे, एवढंच कळायला हवं होतं.”

त्या दिवशीचा कागद मी नियम मोडून जवळ ठेवला होता. तो बॅगेतून काढून दिला. पेन्सिल पुसट झाली आहे, पण वाचता येते. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, मुलीकडे दिला, परत घेतला. मग समोरची स्टीलची वाटी उपडी केली, चमचा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, त्यांनी पाठवलं तसं वाजवून दाखवा.

चमच्याला आखूड-लांब सूर येत नाही. नुसतं ठकठक होतं. म्हणून मी तोंडाने सूर काढला आणि चमच्याने ठेका धरला. तीन आखूड. दोन आखूड, एक लांब. दोन लांब. एक आखूड, एक लांब. एक लांब, एक आखूड. इंग्रजी पाच अक्षरांत सुमन. त्यांनी पुन्हा म्हणायला सांगितलं. चौथ्या खेपेला त्यांचं बोट सतरंजीवर माझ्याबरोबर हलायला लागलं. पाचव्यांदा मी निम्म्यावर थांबलो. त्या मात्र थांबल्या नाहीत. चुकत माकत शेवटपर्यंत गेल्या.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, “पुन्हा येऊ नका असं मी म्हणणार नाही. पण आज मला तुमच्याशी आणखी बोलता येणार नाही.” मी नमस्कार केला. अस्मिताताईंनी स्कूटरवरून फाट्यापर्यंत सोडलं. तिथे माझा फोन नंबर घेतला.

परतीची गाडी दुपारची होती. नाशिक मागे पडलं, पांडवलेण्यांचा डोंगर मागे पडला. चाळीस वर्षांचं ओझं उतरलं की हलकं वाटतं, अशी माझी समजूत होती. तसं काही वाटलं नाही. ते ओझं मी एका सत्तरीच्या बाईच्या ओट्यावर ठेवून आलो होतो, एवढंच.

गाडी घोटीजवळ आली असताना फोन वाजला. अस्मिताताई होत्या. आईला एक विचारायचं राहिलं, म्हणाल्या. “ते घाबरले होते का? हातावरून तुम्हाला कळत असेल ना?”

कळायचं. भीती वाटली की माणूस घाई करतो, अक्षरं एकमेकांत घुसतात. विश्वासचं एकही अक्षर चुकलं नव्हतं. ते मी सांगितलं. फोन तेवढ्यावर ठेवता आला असता. पण त्यांच्या घरी मी एक गोष्ट गिळली होती.

मी म्हणालो, “आईंच्या नावाला आल्यावर तो सावकाश झाला होता. नवशिक्या माणसाला पाठवतात तसं, एकेक अक्षर सुटं करून. त्याचा तो वेग मी कधी ऐकला नव्हता. मदतीच्या जहाजाने जागा विचारली होती, हे खरं आहे. पण मी अर्धा मिनिट थांबू शकलो असतो. तो इतका सावकाश पाठवतोय म्हणून माझा धीर सुटला आणि मी तोडलं.”

गाडीच्या आवाजात पलीकडचं मला काही ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली. मग अस्मिताताई म्हणाल्या, “आईला सांगते.” आणि थोड्या वेळाने, “सावकाश, म्हणालात ना?”

हो, म्हटलं.

घाट सुरू झाला आणि फोन तुटला. शहापूरपर्यंत मी तो हातातच धरून बसलो होतो. त्यांनी परत केला नाही, मीही केला नाही. अर्ध्या मिनिटाने अकरा माणसांचं काय झालं असतं, हे मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. अलिबागला उतरलो तेव्हा बायको स्थानकावर आली होती. काय काय पाहिलं, तिने विचारलं. घरी चल, सगळं सांगतो, मी म्हणालो, आणि चालता चालताच पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.