चौथ्या टेबलावरची बुआखिआव

चिआंग माईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात खामसेनने एकतीस वर्षं मृतदेह टिकवायचं काम केलं. मांडीतली धमनी उघडायची, नळी बसवायची, औषध अंगभर खेळवायचं. शिक्षण चौथीपर्यंत, पण कुठली शीर कुठे वळते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. दान आलेल्या देहाला तिथे 'आजान याय', म्हणजे थोरले गुरुजी, म्हणतात. खामसेन त्यांच्यापुढे हात जोडल्याशिवाय सुरी उचलत नसे.

त्याची बायको बुआखिआव बाजारात चिकट भात विकायची. एके दिवशी तिने कुणाला न विचारता देहदानाचा अर्ज भरला. मुलगी नोंगलक भडकली. अशानं पुढच्या जन्मी आई अवयवांविना जन्माला येईल, असं तिला शेजारणींनी सांगितलं होतं. बुआखिआव हसून म्हणाली, "मला धड सही येत नाही. मेल्यावर गुरुजी होतेय, तर होऊ दे की."

साठाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. विभागप्रमुखांनी खामसेनला रजा घ्यायला सांगितलं. दुसरा माणूस बोलावतो म्हणाले. तो ऐकेना. "परक्या हाताला लाजेल ती," एवढंच बोलला आणि त्याने दार आतून लावून घेतलं.

शवविच्छेदनाच्या दालनात तिला चौथं टेबल मिळालं. वर्षअखेरच्या दहनविधीपर्यंत विद्यार्थ्यांना नावं सांगत नसत, त्यामुळे देह सुकू नये म्हणून रोज संध्याकाळी तिच्यावरचं कापड ओलं करणारा हा माणूस तिचा कोण, हे कुणाला कळलं नाही.

मग छातीच्या विच्छेदनाची पाळी आली. चनिकान नावाची विद्यार्थिनी डाव्या बरगड्या चाचपताना थांबली. तीन बरगड्या कधीतरी मोडून वाकड्या जुळल्या होत्या.

"नवरा मारत असणार हिला," ती म्हणाली.

खामसेन मागेच बादली घेऊन उभा होता. त्याने बादली खाली ठेवली. मग जवळ आला.

"मारलं नाही, पोरी. लोंगनच्या झाडावरून पडली होती. हंगाम भरात होता. मी म्हटलं, मुका मार आहे. फडकं आवळून बांधलं आणि दुसऱ्या दिवशी तिला परत फळं तोडायला नेलं."

"तुम्हाला कसं माहीत, काका?"

"माझी बायको आहे ती."

खामसेनने हातमोजा चढवला आणि कुठे मोडलंय ते दाखव म्हणाला. चनिकानने त्याचं बोट धरून एकेका गाठीवर ठेवलं. बायको डाव्या कुशीवर कधी झोपत नसे. ती तिची सवय, असं तो इतकी वर्षं समजत आला होता.

चनिकान रडत माफी मागू लागली, तेव्हा त्याने तिला काम पुढे चालू ठेवायला सांगितलं. वेळ वाया गेलेला हिला आवडणार नाही, म्हणाला.

दहनाच्या दिवशी चितेजवळ उभं असताना त्याने नोंगलकला बरगड्यांचं सगळं सांगितलं. तिने आईच्या फोटोकडे पाहिलं.

"मला ठाऊक होतं, बाबा. तिची पाठ चोळताना त्या गाठी हाताला लागायच्या. तुम्हाला सांगू नको, म्हणायची."

भिक्षूंचं पठण सुरू झालं. नोंगलकने त्याचा दंड धरला, आणि दोघं मिळून चंदनाच्या लाकडाची फुलं चितेवर वाहायला पुढे गेली.