दिगूचं सरकार

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत वर पाठवायच्या माहितीचा तक्ता भरत होतो. फोन त्याच्या बायकोचा, कमलवहिनींचा. “भाऊजी, तुमचे दोस्त गेले…” एवढंच त्या बोलल्या. गिरणीचा पट्टा बदलताना छातीत कळ आली आणि तो पोत्यावरच टेकला, हे मागाहून कळलं. त्याला आता दीड महिना होत आला. आमच्या भोकरदन तालुक्यातल्या लहानशा गावात तो पिठाची गिरणी चालवायचा. आम्ही पहिलीपासूनचे सोबती. मी झेडपीचा मास्तर झालो, तो गिरणीवाला झाला, आणि पन्नाशीत त्याला विधानसभेला उभं राहायचं सुचलं.

पक्ष असा, की नाव सांगितलं तर लोक पुन्हा विचारायचे. म्हणणं त्याहून अवघड. न्याय, पोलीस, मोठे रस्ते सरकारनं बघावेत, बाकी आपलं आपण. चिन्ह मिळालं चहाची गाळणी! दिगू खूश. घरचीच गाळणी खिशात घालून तो दारोदार फिरला. “सरकार असं पाहिजे,” तो सांगायचा, “चोथा अडवायचा अन् चहा आपल्याला पिऊ द्यायचा. ह्यांनी तर कपच उचलून नेला.” पत्रकावरचं चित्र बघून एका म्हातारीनं विचारलं, “ही माशा मारायची हाय का, बाबा?” मला त्याची लाज वाटायची. माझा पगार सरकारी, आणि जिवलग मित्र सरकार कमी करा म्हणत गावभर हिंडतोय. सरकारी नोकराला प्रचार करता येत नाही, हा नियम मला त्या दिवसांत फार आवडला. त्याला ते कळत होतंच. “मास्तर, घाबरू नको,” तो चिडवायचा, “तुझा पगार न्हाई बंद करणार, तुझे तक्ते बंद करणार.”

आमच्याकडची रीत अशी, की उमेदवार पारावर आला की गाव काहीतरी मागतं आणि तो लगेच “दिलं” म्हणतो. दिगूकडे स्मशानातली शेड मागितली गेली. पावसात मयत झालं की सरण भिजतं, हाल होतात, ही गावाची जुनी तक्रार. दिगू म्हणाला, “मी देणार न्हाई. आपल्या माणसाच्या सरणावर छप्पर घालायला मुंबईची मंजुरी कशाला? चार अँगल मी रोवतो, पत्रे गावानं टाका.” मागून कोणीतरी ओरडलं, “मंग उभा कशाला राह्यला, गड्या?” हशा पिकला. मतमोजणीत डिपॉझिट गेलं. पण त्यानंतर त्यानं खरंच चार लोखंडी अँगल आणून स्मशानात काँक्रीटमध्ये रोवले. पत्रे काही कोणी टाकले नाहीत. बोडके अँगल तसेच उभे राहिले, आणि गाव त्यांना ‘दिगूचं सरकार’ म्हणू लागलं.

त्याला नेलं त्या दिवशी सरण रचून होतंय तोवर अवकाळी पाऊस कोसळला. कोणी कोणाला हाक मारली नाही, कोणी पुढारपण केलं नाही. ट्रॅक्टरवरची ताडपत्री आली, पोरं अँगलवर चढली, कोपरे बांधले गेले. एक दोरी मीही धरली होती. सरणानं नीट पेट घेईपर्यंत आम्ही ती ताडपत्री तोलून धरली… ज्यांनी त्याला मत दिलं नव्हतं तीच ही माणसं.

मग तेराव्याला शोकसभा झाली. निवडून आलेले साहेब स्वतः आले होते. मला बोलायला उभं केलं. माझे हात आपोआप जोडले गेले. “साहेब, दिगंबरच्या नावानं स्मशानात एक शेड मंजूर करा.” साहेबांनी जागेवरूनच “दिली” म्हटलं. टाळ्या पडल्या. मित्रासाठी काहीतरी केलं, असं मला त्या क्षणी वाटलंसुद्धा. वहिनी तेवढ्या मान खाली घालून बसल्या होत्या.

परवा त्यांच्याकडे गेलो. चहाचं आधण ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “कंत्राटदाराची माणसं आल्ती. मोजमाप करून गेली. जुने अँगल कापावे लागतील म्हणत व्हती. बोर्ड लागणार हाय, साहेबांचं नाव वर, यांचं खाली.”

“वहिनी, गावाच्या सोयीसाठीच…” मी कसाबसा म्हणालो.

“भाऊजी, त्या दिवशी ताडपत्री बांधायला मंजुरी कोणी दिल्ती?”

माझे कान तापले. आयुष्यात एकदाच गाव दिगूच्या म्हणण्यासारखं वागलं होतं. तो ते बघायला नव्हता, मी होतो. आणि मीच ते साहेबांच्या पायाशी नेऊन ठेवलं. पगार घेऊन घेऊन हात जोडायची सवयच लागली असेल… पण ही सबब मलाच पटत नाही.

वहिनींनी चहा गाळला. तीच गाळणी. दांडीला दिगूनं बांधलेला दोरा अजून तसाच आहे, फक्त कळकट झालाय. चोथा झटकून, धुऊन त्यांनी ती खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवली. प्रचाराला निघताना तो तिथूनच काढून खिशात घालायचा. मी कप हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिलो. चहा निवत चालला होता.

“प्या भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “मागून आणलेला न्हाई.”