आईच्या घशातली खारी

देवाने काय केलं याची साक्ष द्यायला उभं राहिलं की आमच्या ख्रिस्ती मंडळीत माणसं आधी ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणतात. माझ्या तोंडून ते निघेना, म्हणून मंडळीत उभी न राहता मी हे लिहून देते आहे. आईला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हापासून मी देवावर चिडले होते, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरती निवळलेली नाही. जिने उभं आयुष्य शिरूरच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या बाकावर बसून गायनं सुरू करून दिली, तिची नेमकी वाचाच का घ्यायची? त्याला दुसरं काही सापडलं नाही का?

आईला घरी आणायच्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरने मला शेजारी बसवून सगळं शिकवलं. कूस कशी बदलायची, पाठ पुसून कशी कोरडी करायची, चादरीला सुरकुती का राहू द्यायची नाही. सगळ्यात जास्त दटावलं ते खाण्याबद्दल. आईची गिळायची ताकद अर्धी गेली होती. तिला पाठीशी उशा लावून ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली घ्यायची, अर्धा चमचा दाटसर पेज द्यायची, गळा हललेला बघायचा आणि मगच पुढचा चमचा. आडवी असताना पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मी ते इतकं मनावर घेतलं की चमच्याला दुसऱ्या कोणाला हात लावू देईना. पुण्याचा भाऊ व्हिडिओ कॉलवर ‘ताई, एखादी बाई ठेव की’ म्हणायचा. मी फोन आईकडे वळवून बाजूला व्हायचे, नाहीतर माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असतं कोण जाणे.

त्याहून ताप म्हणजे भेटायला येणारे. आजाऱ्याला भेटणं चांगलं काम, मान्य आहे. पण येणारा प्रत्येक जण आईच्या तोंडाशी वाकून ओरडायचा, “ओळखलं का मला?” आई बहिरी नव्हती, खुळीही झाली नव्हती. सगळ्यांना ओळखत होती, फक्त बोलता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की हे खूश, “ओळखलं, ओळखलं!” मग तिच्याच कॉटवर बैठक मारायची, चहा प्यायचा, ‘देवाची इच्छा’ म्हणायचं आणि चपला घालायच्या. विस्कटलेली चादर ताणायला मी होतेच.

नाताळाच्या आधीच्या रविवारी दुपारी दौंडहून जीप भरून मंडळी आली. आईची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, त्यांचे पाळकसाहेब आणि आणखी सात-आठ जण. मी दारातच बजावलं, आईला कोणीही काही भरवायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी चहा-खारी बाहेरच्या खोलीत, आईच्या कॉटपाशी नेऊन दिली आणि उरलेल्यांसाठी पुन्हा आधण ठेवलं. तेवढ्यात बाहेर प्रार्थना सुरू झाली. साहेब आईच्या अंगातली एकेक शीर घेऊन तिच्यासाठी मागणं मागत होते, मंडळी मधूनमधून ‘होय प्रभू’ म्हणत होती. चहा उकळत होता, मीही. एवढ्यात एक अनोळखी आवाज त्या प्रार्थनेच्या वरताण आला.

“ओ ताई! आजीकडं बघा, तोंड निळं पडाय लागलंय!”

मी धावले. आई आडवी होती. डोळे बाहेर आलेले, आवाज नाही, खोकला नाही. आणि कॉटभोवती सगळी माणसं डोळे मिटून, ती बरी व्हावी म्हणून प्रार्थना करत होती! “डोळे उघडा आधी!” मी किंचाळले. ओरडला होता तो जीपचा ड्रायव्हर. टोपी खिशात कोंबून तो तोवर कॉटशी पोचलाही होता. “कसं धरू, सांगा,” एवढंच म्हणाला. मी सांगितलं तसं त्याने आईला उठवून पुढे वाकवलं, छातीला हाताचा आधार दिला. मी तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधे रट्टे मारले. शेवटी चहात भिजलेल्या खारीचा गोळा तोंडातून बाहेर पडला आणि आई खोकली. तेवढा खोकला मला पुरला.

“कोणी दिली?”

मावशीच्या हातात कप तसाच होता. “तोंड कोरडं पडलं व्हतं गं तिचं. आवडती म्हणून बुडवून दिली. तिनं घेतली बी.”

“मारायलाच आली होतीस का?” मी म्हणाले. मग सगळ्यांना बाहेर काढलं, पाळकसाहेबांनाही. त्या प्रार्थनेचं आमेन आजवर झालेलं नाही.

ड्रायव्हर सगळ्यात शेवटी निघाला. “मी आपला गाडी रस्त्यात आडवी लागलीय म्हणून सांगाया आलतो,” तो म्हणाला. “समदी डोळं मिटून. म्हणलं, देवाचं चाललंय, मधी कसं बोलावं? दारातच उभा राह्यलो. तर आजीनं माझ्याकडं बघितलं.” त्याचं नावही मी विचारलं नाही. आमच्या देवाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण त्या खोलीत उघडे असलेले डोळे त्याचे एकट्याचे होते, आणि आईने बरोबर त्यांनाच गाठलं. याला कोणी योगायोग म्हणो. मी कृपा म्हणते, आणि म्हणताना दात-ओठ खाते, कारण एवढ्या भक्तांमधून देवाला जीपवालाच सापडावा याचा मला रागही येतो.

मावशीशी मी बोलणं टाकलं. तिचे फोन घेतले नाहीत. नंतर एका दुपारी ती एकटीच एसटीने आली. फळं नाहीत, बिस्किटं नाहीत. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, “मला शिकव. एकच बहीण हाय मला.”

दार तोंडावर लावावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आईने चांगल्या हाताने कॉटवर थापटलं. ये, बस, म्हणून. प्रार्थनेत ‘प्रभू, माझं माणूस तुझ्या हाती देते’ असं मी लहानपणापासून म्हणत आले होते. म्हणायला काय जातं? चमचा काही मी हातातून सोडला नव्हता. मी मावशीला हात धुवायला लावले, आईला दोघींनी मिळून ताठ बसवलं आणि वाटी-चमचा मावशीच्या हातात दिला. माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं समर्पण ते, आणि तेही कपाळाला आठ्या घालून केलेलं.

मावशीने पेज ढवळून घेतली. तिने अर्धा चमचा दिला आणि आईच्या गळ्यावर नजर लावून थांबली. गळा हलला. मग तिने दुसरा भरला. वाटी संपेपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते.

“आता पड जा तू,” मावशी म्हणाली. “मी हाय हिथं.”

मी आतल्या खोलीत चटईवर आडवी झाले. खोकला येतो का म्हणून बराच वेळ कान देऊन होते. बाहेर मावशी आईला दोघींच्या माहेरची कसलीशी गंमत सांगत होती. प्रभूचे आभार मानायचे म्हणून मी सुरुवात केली, आणि मधेच मला झोप लागली.