नंदरुकाचं दुमडलेलं पान

मंडळी, आज दुपारी कुरुंद्याच्या फाट्यावरचा नंदरुक तोडला. त्याच्या सावलीत चहाची टपरी चालवणाऱ्या कमलबाई आता उन्हात बसल्यात.

कारण काय, तर झाडाची पानं दुमडून गाठीसारखी झाली होती. आठ दिवस टपरीवर एकच चर्चा, "हा रोग आपल्या शेतातल्या हळदीवर येऊन राहिला." एकानं औषध फवारलं, फरक पडला न्हाई. मग भीती वाढली आणि कुऱ्हाड आली.

मी दहावी नापास, पण वीस वर्षं माझ्या नर्सरीत रोपांतच गेली. पोचलो तेव्हा झाड आडवं होतं. एक पान नखानं उघडलं. आत शेपटी वर करून पळणारे बारीक काळे किडे. ओळखीच्या शेतकी प्राध्यापकांना फोटो पाठवला, हळदीची भीती आणि फवारणीचंही कळवलं. लगेच उत्तर आलं, "थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे आहेत. नेमकी जात सूक्ष्मदर्शकाखालीच ठरेल, पण पान असं दुमडून राहणारे हे नंदरुकाचेच. हळदीला धोका नाही. घडीच्या आत फवारा पोचत नाही, म्हणून मेले नाहीत."

मी मोठ्यानं वाचलं. तोडणारा हसला, "आता काय शेठ, जळणाला झालं!"

कमलबाई एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आठ दिवस तुमी इथंच चहा पिऊन राहिले ना? मग पान आजच काहून उघडलं?"

माझे कान तिखट, फाट्यावरची कुजबुज आधी मला कळते. ही पण कळली होती. मी नुसती ऐकली.

तुमच्या फाट्यावर सध्या कोणत्या झाडाची चर्चा चालू आहे?