कुजबुजणारी कोळणींची गल्ली

नाशिकहून एसटीत बसलो तेव्हा डोक्यात फक्त ताजे बोंबील होते. जव्हारचा घाट उतरेपर्यंत मनातल्या मनात त्यांचं कालवणही झालं, आणि त्या समाधानात अशी झोप लागली की पालघरला उतरायचं सोडून मी थेट बोईसरला जागा झालो! कामगारांच्या गर्दीतून रिक्षा शोधली. "सातपाटी? वापसी में सवारी नहीं मिलेगी, अंकल," असं म्हणत रिक्षावाल्यानं गाडी चालूही केली.

सातपाटीचा हरेश माझा जुना मित्र. आखातातल्या एका बंदरावर नोकरीला होता. तिथे लढाई भडकली आणि तीन आठवड्यांपूर्वी तो, वहिनी आणि पंधरा वर्षांची निधी सुखरूप परतले. त्यांना भेटायलाच मी निघालो होतो.

गल्लीत शिरलो आणि चक्रावलो. बाया वलांडीवर (मासळी सुकवायच्या बांबूंच्या मांडवावर) बोंबील लावत होत्या आणि चक्क कुजबुजत होत्या! कोळणी! माझा नमस्कार नाटकात कमावलेल्या घशातून निघाला, तशी हरेशची बहीण भानूताई धावली.

"हळू बोल रं भावा. पोरीला आवाज सोसत नाय."

निधी दाराशी जाळ्यांच्या ढिगाला टेकून बसली होती. डोळ्यांखाली काळं, मांडीवर दहावीचं पुस्तक, पान उलटतच नव्हतं. दोन घास जेवण, तासभर झोप. तिच्यासाठी गल्लीनं गाणी बंद केली होती, होडीची ठाकठोकही थांबवली होती. तरी पोर जागीच. हरेश म्हणाला, "तिला आणलं रे, पण ती अजून आलीच नाही."

सकाळी मी उपयोगी पडायला गेलो. समोरच्या कमळीकडून बोंबलांचा वाटा घेऊन ऐटीत भानूताईपुढे ठेवला. तिची स्वतःची पाटी काठोकाठ भरलेली!

"माझ्या घरचा पावणा, आन् म्हावरं (मासळी) हिच्याकडचं?"

"मंग काय तुझं शिळं खाईल?" कमळी कडाडली.

तीन आठवडे कोंडलेले गळे एकदम सुटले. सगळी गल्ली भांडणात उतरली. मी हात जोडत फिरलो, हरेश निधीकडे धावला आणि मध्येच थबकला.

निधी जाळ्यांवर गाढ झोपली होती.

ते पाहून बाया गपकन गप्प झाल्या. लगेच निधीची पापणी हलली, कपाळावर आठी उमटली.

"कमळे, बोल! थांबू नको!" मी हातवारे केले.

कमळीला उमजलं. तिनं भानूताईच्या लग्नातलं जेवण उकरून काढलं. भानूताईनं कमळीच्या सासूला हात घातला. दोघी डोळे पुसत, प्राणपणानं, दुपारपर्यंत भांडल्या.

निधी उठली ती भूक घेऊनच. भाकरी-कालवण खाताना म्हणाली, "काका, सगळं शांत झालं की मी कान लावून बसते. तिथे सायरनच्या आधी असंच शांत असायचं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सगळे माझ्यासाठी एवढं करत होते. कसं सांगू?"

भानूताईनं कपाळावर हात मारला. "आमी तुला विचारलंच नाय गं, बाय!"

मी निघालो त्या सकाळी बाहेर पाटी आपटली. निधी दचकली, चहा सांडला. गल्ली पुन्हा स्तब्ध. मग तीच म्हणाली, "आत्या, बोल ना काहीतरी."

परतताना एसटीत शेजारी एक मुलगा खिडकीकडे तोंड करून बसला होता. माझी जीभ नेहमीप्रमाणे सुटणार होती. आधी विचारलं, "बाळा, मी बोललेलं चालेल का?"

"नको, काका," तो म्हणाला.

जव्हारपर्यंत मी गप्प बसलो.